डबल बेल

एकतीस वर्षं मी चालत्या गाडीत उभा होतो.
यावल–चोपडा, यावल–भुसावळ, रात्री मुक्कामी किनगाव.
किलोमीटर मोजले तर पृथ्वीला वेढे पडतील,
पण त्यातलं एकही पाऊल माझं नव्हतं.
हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं,
साखरेचा रिपोर्ट उलटा धरून,
म्हणजे माझ्याकडे सुलटा.

मग मीच डेपोच्या फळ्यावर खडूनं लिहिलं :
रोज पहाटे साडेपाच.
फाटकापासून पाटाच्या तिसऱ्या पुलापर्यंत.
भाडे नाही.

पहिल्या दिवशी एक कुत्रं आलं.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी प्रमिला झोपे, हातात दुधाची बरणी.
"मी काही चालाले नाही आली भाऊ,
डेरीवर चालली," म्हणाल्या
आणि पुलापर्यंत आल्या.
दूध तिथंच हिंदकळत राहिलं.

आता अठरा आहेत.
नेहेते सर पावलं मोठ्यानं मोजतात,
चारशेच्या आसपास चुकतात आणि आमच्यावर ओरडतात.
फिरक्यांच्या दोन्ही सुना
घरात जे बोलता येत नाही ते पाटाच्या कडेनं बोलतात;
पाणी ते ऐकून चोपड्याकडे निघून जातं.
नजमाबी तडवी स्लिपरवर चालतात,
बूट घेऊन दिले मुलानं, ते खोक्यात आहेत.
डाव्या हाताला केळीच्या बागा,
तुटक्या पानांचा ओला वास,
उजवीकडे सातपुडा, अजून अंधारातच.

आधी वाटलं, पुढारी म्हणजे पुढं चालणारा.
पंधरा दिवस चाललोही, छाती काढून.
एकदा वळून पाहिलं तर
दुसऱ्या पुलाच्या दगडावर नजमाबी गुडघा धरून बसलेल्या,
किती वेळ, कुणास ठाऊक.
"कंडक्टर ना रे तू? मग पुढं कसा?
पुढं तर डायवर असतो."

तेव्हापासून मी शेवटी.
फाटकाशी डोकी मोजायची, पुलावर पुन्हा मोजायची.
जन्मभर ओरडलो, पुढे सरका, पुढे सरका,
आता म्हणतो, सावकाश,
गाडी कुणाला सोडून जात नाही.

पौषात एकदा हिशोब जुळेना.
फाटकाशी अठरा, पुलावर एकोणीस.
एकोणिसावा माझ्याही मागे, दहा पावलांवर,
मफलरमध्ये तोंड, विशीतलं पोरगं.
मी थांबलो की थांबायचा.
दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही.
नेहेते सर म्हणाले, विचारा ना त्याला.

विचारायचं?
एकतीस वर्षं मी प्रत्येकाला विचारलं, "कुठं?"
दिवस भरलेल्या बाईला विचारलं,
सासरी निघालेल्या, डोळे पुसणाऱ्या नवरीला,
मांडीवर अस्थींचं गाडगं धरलेल्या माणसालाही,
आणि वर म्हणालो, सुट्टे द्या.
तो शब्द दातांपर्यंत आला.
मी गिळला.

फक्त रोज थोडा हळू चाललो.
दहा पावलं, मग आठ.
मध्ये चार दिवस आलाच नाही,
ते चार दिवस मला साखर वाढल्यासारखं वाटलं.
मग परत दहा.
होळीच्या राखेवरून चालून गेलो त्या सकाळी दोन.

ऊन लवकर तापू लागलं,
आम्ही निघायची वेळ पाचवर आणली,
फळ्यावर खडूनं बदललं.
तो पाचला फाटकाशी होता.

पुलाजवळ पहिल्यांदा बोलला :
"काका, तुमच्या बुटाची नाडी सुटली."
वाकायला मला वेळ लागतो.
सगळे पुढं गेले, तो थांबला.
उठलो तेव्हा त्याचं बोट हवेत होतं,
लांबच्या पाठींवरून एकेक करत सरकत.
"सतरा," म्हणाला.
मग जरा थांबून,
"आणि आपण दोघं."

पुढून प्रमिलाबाई ओरडल्या,
"कोनाची वाट पाहू राह्यले रे?"

मी खिशातून जुना पंच काढला
आणि पुलाच्या लोखंडी नळीवर
दोनदा वाजवला.